चोपडे

आमच्या गावाचं नाव चोपडे. शापोरा नदीच्या उत्तर काठाला, शिवोलीच्या अगदी समोर. पूल झाला नव्हता तेव्हा शिवोलीहून फेरीबोटीनं यावं लागायचं आणि शेवटची फेरी चुकली की रात्र पलीकडंच. लग्न ठरलं तेव्हा निपाणीतल्या माझ्या मैत्रिणी पोट धरून हसल्या होत्या. "वाण्याची पोरगी, जाऊन जाऊन चोपड्यातच पडली!" कारण आमच्याकडं चोपडे म्हणजे हिशेबाच्या वह्या. अण्णांची निपाणीला भुसाराची अडत होती. दिवाळीला पहाटे मंदिरात महावीर निर्वाणाचा लाडू चढवायचा आणि संध्याकाळी नव्या चोपड्यांची पूजा. पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक, त्याखाली 'श्री', आणि मागच्या वर्षाची येणी-देणी पुढच्या वहीत ओढायची. देणं असलं तर ते आधी लिहायचं, हा अण्णांचा नियम.

इथं सासऱ्यांनी बेळगावकडून येऊन किराण्याचं दुकान टाकलं होतं. पुढं ते ह्यांनी चालवलं. दोन वर्षांपूर्वी हे गेले. वर्षश्राद्ध वगैरे आमच्यात नाही, पण वर्षभर मी माळ्यावरच्या ट्रंकेला हात लावला नाही. मग एकदा उन्हाळ्यात सूनबाईला घेऊन ती खाली उतरवली. आत तीन गोष्टी निघाल्या. एका खाण कंपनीच्या शेअरचे कागद, ह्यांच्या नावाचे. दुसऱ्या एका कंपनीचं शंभर शेअरचं सर्टिफिकेट, ते माझ्या नावाचं. आणि लाल कापडी बांधणीची एक खतावणी, जी दुकानातल्या कपाटात कधी दिसली नव्हती.

माझ्या नावाचा कागद बघितल्यावर सगळं आठवलं. १९९२ चा मार्च. ह्यांनी माझ्या माहेरच्या चार पाटल्यांपैकी दोन मागितल्या. म्हणाले, "दिवाळीपर्यंत चाराच्या सहा करून देतो." त्या वेळी सगळ्यांच्याच तोंडी शेअर होते. नव्या कंपनीचा भरणा निघाला की अर्ज जास्त आणि शेअर कमी. म्हणून पुरुषमाणसं एक अर्ज स्वतःच्या नावानं, एक बायकोच्या, एक आईच्या असे भरायची. कुणाच्या तरी नावानं लागेल. मी पोळ्या लाटत होते. ह्यांनी कागद पुढं केला, मी पिठाचा हात पुसला आणि बोट ठेवलं तिथं सही केली. कंपनीचं नावही वाचलं नाही. शेअर लागले ते नेमके माझ्याच नावानं. आणि दोन वर्षांत ती कंपनीच नाहीशी झाली. अशा पुष्कळ झाल्या त्या दशकात. लोकांचा पैसा गोळा केला आणि पत्त्यावर कुलूप. सरकारला शेवटी अशा बेपत्ता कंपन्यांची यादी करावी लागली.

तुमच्यापैकी किती जणींनी अशी सही केली असेल? हात वर करा म्हटलं तर सभागृहात माझा हात पहिला असेल.

शेजारीणबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "जुगार तो वयनी, दुसरें कितें?" मला ते पटलं नाही आणि नाकारताही येईना. जुगार असता तर अण्णांसारखा माणूस सकाळी वर्तमानपत्रात आधी बाजारभावाचं पान का उघडायचा? आपल्या पाटल्या ज्या बाजारात गेल्या, तो आहे तरी काय, कुणी काढला, कसा चालतो, हे मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी वाचायला घेतलं. आणि वाचता वाचता पहिलं गाठोडं सुटलं ते आपल्याच समाजाचं.

एक खुलासा आधी करते. आम्ही दक्षिणेकडचे जैन बहुतेक शेतकरी. जैन म्हणजे शेअरवाले असं कुणी म्हणालं की शिरोळ-अथणीकडचे ऊस लावणारे आमचे पाहुणे हसतात. बाजारातले जैन ते गुजरात-मारवाडकडचे. त्यांतला सगळ्यांत मोठा माणूस प्रेमचंद रायचंद, सुरतेहून मुंबईला आलेला.

त्या वेळचा बाजार म्हणजे एक झाड. १८५० च्या दशकात मुंबईच्या टाउन हॉलसमोर, आताच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, वडाच्या सावलीत काही दलाल उभे राहायचे. हातात कागद, कानावर बोरू. बँकांचे, थोड्या कापड गिरण्यांचे शेअर घ्यायचे-द्यायचे. संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्रेमचंद इंग्रजी शिकलेला होता, साहेबाशी थेट बोलायचा, हे त्याचं भांडवल.

मग अमेरिकेत यादवी पेटली, १८६१ मध्ये. तिकडच्या दक्षिणेकडल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. कापूस मग मुंबईहून जाऊ लागला. भाव असे चढले की लोकांनी गाद्या उसवून जुना कापूस विकला म्हणतात. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा कितीतरी कोटी रुपयांचं सोनं-चांदी जास्त आलं. एवढा पैसा करायचा काय? नव्या बँका निघाल्या, नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या. त्यातली बॅक बे रिक्लमेशन सगळ्यांत गाजलेली. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिचा!

मी हे वाचत होते आणि बाहेर आमच्या गावात जमिनीचे दलाल फिरत होते. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात हे रोजचं. भातशेताकडं बोट दाखवून सांगतात, इथं काय काय होणार. पाणी अजून गुडघाभर असतं.

त्या काळी वायद्याचे सौदे चालायचे. आज भाव ठरवायचा, पैसे अमुक तारखेला. हातात पैसा नसलेला माणूसही लाखाचा सौदा करू शकायचा, कारण तारीख लांब असायची आणि तोवर भाव चढणार याची खात्री. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपल्याची बातमी आली. कापूस कोसळला. आणि पुष्कळ वायद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी मुंबईत देणारे सगळे आणि घेणारा कुणी नाही. बँक ऑफ बाँबेचा शेअर तेजीत २,८५० पर्यंत गेला होता, तो पुढं ८७ रुपयांना विकावा लागला. ती बँकच बुडाली. तिनं ज्यांना भरमसाट कर्जं दिली त्यांत प्रेमचंद पुढं होता आणि त्याच्या शब्दावर इतरांना दिली. पुस्तकांत त्याला 'कापसाचा राजा' म्हणतात. ज्यांचे पैसे बुडाले त्यांनी काय म्हटलं असेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तोही बुडाला. पुढं सावरला आणि १९०६ पर्यंत जगला.

पण मला त्याच्याइतकीच त्याची आई दिसते. राजाबाई. तेजी शिगेला होती तेव्हा, १८६४ मध्ये, त्यानं मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि मग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एवढीच, मनोऱ्याला आईचं नाव. १८६९ ला बांधकाम सुरू झालं, १८७८ ला संपलं. उंची २८० फूट. सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचं व्रत होतं. घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी, कुणाला विचारावं लागू नये, म्हणून हा मनोरा. खरं खोटं राजाबाई जाणे. पण व्रत पाळणाऱ्या बाईला ही गोष्ट खोटी वाटत नाही. रोज संध्याकाळी "किती वाजले गं?" विचारत बसायचं म्हणजे काय, ते मला माझ्या आजीमुळं माहीत आहे.

मागच्या वर्षी मुंबईला गेले तेव्हा मी तो मनोरा बघून आले. हायकोर्टाच्या शेजारी, मैदानाच्या काठाला. बँक बुडाली, कंपन्या बुडाल्या, दिलेले पैसे तेवढे उभे. तिथून चालत दलाल स्ट्रीटला गेले. वाटेत सूनबाई म्हणाली, "आई, दमाल." म्हटलं, प्रेमचंदशेठ चालले असतील, मीही चालते.

दलाल वडाखालून हलत हलत १८७४ मध्ये या गल्लीत आले. गर्दी वाढली की पोलीस हाकलायचे, झाड बदलायचं, पुन्हा हाकलायचे. ९ जुलै १८७५ रोजी त्यांनी आपली संस्था केली, नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन. आशियातली सर्वांत जुनी. प्रवेश फी एक रुपया. बुडीत काढून दहा वर्षं झाल्यावर शहाणपण आलं: कोण आत, कोण बाहेर, देणं चुकवलं तर काय, याचे नियम पाहिजेत. आज तिथं जिजीभॉय टॉवर्स आहे आणि बाहेर काशाचा बैल. त्याच्यासोबत लोक फोटो काढत होते. आम्हीही काढला.

आता हा बाजार चालतो कसा, ते मला अण्णांच्या अडतीवरून कळलं. शेतकरी माल आणतो, व्यापारी घेतो, मध्ये अडत्या. शेतकऱ्याला रोख अडत्या देतो आणि व्यापाऱ्याकडून मागाहून वसूल करतो. व्यापारी पळाला तर अडत्याच्या अंगावर. म्हणून अण्णांना रात्री झोप नसायची. शिवाय भाव ठरायचा तो रुमालाखाली. दोघांनी रुमालाआड हात धरायचे, बोटं दाबायची, आणि बघणाऱ्याला काही कळायचं नाही. शेतकरी शेजारी उभा असायचा आणि आपल्याच मालाचा भाव त्याला सगळ्यांत शेवटी कळायचा.

मुंबईच्या बाजारात रुमालाऐवजी रिंग होती. मोठा हॉल, त्यात शेकडो दलाल ओरडताहेत, हातवारे करताहेत. सौदा पेन्सिलीनं डायरीत. पेडण्याच्या माणसानं मापशातल्या एजंटला सांगायचं, त्यानं पणजीला, तिथून मुंबईला फोन. दोन दिवसांनी उत्तर यायचं, अमुक भावानं घेतले. त्या दिवशी भाव वर-खाली किती झाला, त्यातला नेमका चढा भावच आपल्याला का लागला, हे विचारायची सोय नव्हती. पैसे देऊन कागद यायला महिने लागायचे. आला तर कधी सही जुळत नाही म्हणून परत, कधी कागदच बनावट.

आणि बदला. हा शब्द ह्यांच्या तोंडून मी ऐकला होता, मला वाटायचं कुणावर तरी सूड घ्यायचाय. बदला म्हणजे सौद्याचे पैसे चुकते करायच्या दिवशी पैसे नसले तर व्याज देऊन सौदा पुढच्या हिशेबात ओढायचा. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. खतावणीत बाकी ओढतात तसंच, फक्त इथं व्याज चढतं आणि भाव उतरला तर तोही खिशातून भरायचा. २ जुलै २००१ पासून तो बंद झाला.

१९९२ ची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. नुसतं नाव घेतलं तरी आपल्या कार्यक्रमांत लोक इकडंतिकडं बघतात, कारण हर्षद मेहताही जैनच. प्रेमचंदचं नाव आपण अभिमानानं घेतो आणि याचं नाव गिळतो. मला दोघांत फार फरक दिसत नाही. दोघांनीही बँकांचा पैसा बाजारात आणला. बँका सरकारी रोखे एकमेकींना थोड्या दिवसांसाठी विकायच्या, मध्ये दलाल. रोखे हातात न देता नुसती पावती दिली जायची. पावतीच्या भरवशावर पैसा दलालाच्या खात्यात, तिथून शेअर बाजारात. काही पावत्यांच्या मागं रोखेच नव्हते. एसीसी सिमेंटचा शेअर दोनशेच्या आसपास होता तो नऊ हजारांवर गेला. सेन्सेक्स १९९१ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास होता, तो एप्रिल १९९२ मध्ये ४,४६७ ला पोचला. आणि २३ एप्रिलला टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची बातमी आली. एका बाईनं, आपल्याकडच्याच, हे उघड केलं. २८ एप्रिलला एका दिवसात सेन्सेक्स ५७० अंकांनी खाली. माझ्या पाटल्या जाऊन तेव्हा महिना झाला होता.

त्या सकाळी ह्यांनी चहा घेतला नाही एवढं मला आठवतं. का, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. एकतीस वर्षं त्या पाटल्यांचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

त्याच राखेतून राष्ट्रीय शेअर बाजार उभा राहिला, ज्याला एनएसई म्हणतात. त्याची शिफारस आधीच झाली होती, १९९१ मध्ये, म. ज. फेरवानींच्या समितीकडून. दैव बघा, त्याच गदारोळात फेरवानींचं नाव गुंतलं आणि मे १९९२ मध्ये ते वारले. कंपनी नोव्हेंबर १९९२ मध्ये नोंदली गेली, १९९३ मध्ये तिला शेअर बाजार म्हणून मान्यता मिळाली. डॉ. आर. एच. पाटील तिचे पहिले प्रमुख. आयडीबीआयमधून आलेल्या लहानशा गटानं हे काम केलं, त्यात चित्रा रामकृष्ण या एक. त्या २०१३ मध्ये प्रमुखही झाल्या. पुढं त्यांच्याही चौकश्या झाल्या, ते तुम्ही वाचलंच असेल. दलाल स्ट्रीटवरही २००१ मध्ये दीना मेहता अध्यक्ष झाल्या, तिथल्या पहिल्या बाई.

नव्या बाजाराचं वेगळेपण दोन गोष्टींत. जुना बाजार दलालांचा, दलालांनी चालवलेला. त्यांनीच नियम करायचे आणि त्यांनीच मोडायचे. नव्याचे मालक बँका आणि वित्तसंस्था, दलाल फक्त गिऱ्हाईक. आणि रिंगच नाही. ओरडाआरडा नाही, हॉल नाही. दलालाच्या घरावर उपग्रहाची छत्री आणि समोर पडदा. निपाणीला असा की मुंबईला, भाव एकच दिसणार. विकत घेणाऱ्यांत जो जास्त देतो तो पुढं. दोघांची बोली सारखी असेल तर ज्याची आधी आली तो पुढं. कोण कुणाचा मेव्हणा हे यंत्राला कळत नाही. रुमाल काढून टाकला, एवढंच झालं म्हणा. पण केवढं झालं!

शेअरचे व्यवहार तिथं सुरू झाले ३ नोव्हेंबर १९९४ ला. पंचांग काढून बघा, त्या दिवशी दिवाळी होती. देशभर चोपड्यांची पूजा चालली होती आणि तिकडं बिनचोपड्याचा बाजार सुरू झाला. वर्षभरात उलाढालीत त्यानं सव्वाशे वर्षांच्या वडाला मागं टाकलं. दलाल स्ट्रीटलाही मग १९९५ मध्ये पडदे लावावे लागले.

सगळ्यांत मला आवडलेली गोष्ट १९९६ ची. त्यांनी एक मोठा अडत्या नेमला, क्लिअरिंग कॉर्पोरेशन. सौदा झाला की विकणाऱ्याच्या समोर घेणारा हीच संस्था आणि घेणाऱ्याच्या समोर विकणारा हीच. समोरचा पळाला तरी तुमचे पैसे हिच्याकडून येणार, कारण तिनं दलालांकडून आधीच अनामत घेऊन ठेवलेली असते. अण्णा असते तर म्हणाले असते, "एवढं मला सुचलं असतं तर झोप तरी लागली असती." त्याच वर्षी डिपॉझिटरी आली आणि कागदाचे शेअर जाऊन खात्यातले आकडे झाले. आधी सौदा चुकता व्हायला आठवडे लागायचे, आता दुसऱ्या दिवशी. जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना हेच.

रुमाल पुरता गेला असं मात्र समजू नका. काही दलालांच्या संगणकांना भाव निमिषभर आधी कळत होते अशी तक्रार झाली, वर्षानुवर्षं चौकश्या आणि खटले चालले. पापणी लवायच्या आत कोण आधी, यावर कोट्यवधी! आणि आता फोनवरून वायदे खेळणारी पोरं. सेबीनंच २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १०० माणसांपैकी ९३ जणांनी गमावलं. माझा भाचा म्हणतो, "मावशी, मी उरलेल्या सातांतला." १ जुलै १८६५ ला पण सगळे हेच म्हणत असणार.

शेजारीणबाईला मी मागाहून सांगितलं की भाग, शेअर ही काही मुंबईची कल्पना नव्हे, पलीकडं बार्देशात विचार. जुन्या काबिजादीतल्या कोमुनिदादींत गावची जमीन गांवकारांची. वर्षाच्या उत्पन्नातून गांवकाराला जोण मिळायचा, आणि शिवाय विकत घेता येतील असे भागही होते. जोण बापाकडून मुलग्याला, मुलीला नाही. भागाला तशी अट नव्हती, पैसे असले की झालं. तिला जोण माहीत होता. म्हणाली, "आमकां दोनूय मेळूंक नात."

आता ट्रंकेतल्या कागदांचं सांगते, कारण ह्याचा तुम्हाला उपयोग होईल. माझ्या नावाचं सर्टिफिकेट रद्दी. खाण कंपनीचे शेअर मात्र जिवंत. पण एप्रिल २०१९ पासून कागदाचे शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात. ह्यांच्या पश्चात ते माझ्या नावावर यायचे तर वारसाचे कागद. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळं अर्धा हिस्सा मुळातच माझा. हे मला लग्नानंतर चाळीस वर्षांनी नोटरीकडून कळलं! सात वर्षं ओळीनं लाभांश न घेतल्यामुळं काही शेअर सरकारच्या निधीत गेले होते, आयईपीएफमध्ये. ते परत मागता येतात, आयईपीएफ-५ नावाचा अर्ज असतो. तो भरला. परत आला. माझी सही जुळत नव्हती. एका ठिकाणी मराठीत, बँकेत इंग्रजीत, आणि म्हातारपणानं हात थरथरतो तो वेगळाच. बँकेच्या मॅनेजरसमोर बसून पुन्हा सह्या केल्या. दुसऱ्यांदाही परत आला. तिसऱ्यांदा मंजूर झाला. मैत्रिणींनो, आज उठून कपाट उघडा आणि तुमच्या नावावर काय आहे, सही कुठली आहे, वारस कोण लावलाय, ते बघा. ह्यांना विचारा. हे असताना विचारा.

मधल्या काळात मला दुसरी टोचणी लागली होती. खाण. श्रावकानं टाळायच्या पंधरा कर्मादानांत एक स्फोटकर्म, जमीन फोडून पोट भरणं. आमच्या पेडण्यात डिचोलीसारख्या खाणी नाहीत, पण डिचोली-साखळीकडं गेलं की रस्ते, झाडं, वाळत घातलेले कपडे सगळं तांबडं दिसायचं. गोव्याच्या खनिजाचा पैसा बाजारात कसा फिरला हे तर डोळ्यांदेखत. सेसा गोवा घ्या, मूळ इटालियन कंपनी, मग जपान्यांकडं, २००७ मध्ये वेदांतानं घेतली, २००९ मध्ये तिनं धेंप्यांच्या खाणी घेतल्या. दूर कुठं तरी पडद्यावर भाव हलायचा आणि इथं ट्रकांची रांग लांब व्हायची. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसांचे ट्रक गवतात उभे राहिले. शेअरवाला शेअर विकून मोकळा होतो, ट्रकवाल्याला ते जमत नाही. ह्यांनी हे शेअर केव्हा घेतले, का घेतले, माहीत नाही. त्यावर कधी लाभांश आला तेव्हा मी चतुर्मासात त्यातूनच मंदिराला तेल-तूप दिलं असेल, तेही माहीत नाही.

खतावणी शेवटी उघडली. पहिल्या पानावर स्वस्तिक, 'श्री', आणि खाली एकच खातं. 'सौ.चे देणे.' आश्विन वद्य अमावास्या १९९२, सोन्याच्या पाटल्या २, वजन तोळे ४. रुपयांचा आकडा नाही, नुसते तोळे. सोन्याचा भाव कितीही चढो, देणं तोळ्यात. खाली पुढची दिवाळी, बाकी तोळे ४. पुढची, बाकी तोळे ४. एकतीस ओळी. शेवटच्या दोन ओळींत अक्षर डगमगलंय. दुकान तोट्यात होतं त्या वर्षीही ओळ आहे. मुलाच्या शिक्षणाच्या वर्षी आहे. मी शेजारच्या खोलीत रांगोळीचे रंग काढत असायची तेव्हा हे कुठं बसून लिहीत होते कोण जाणे.

तुम्हाला वाटेल मी रडले. आधी राग आला. लिहायला जमलं ते बोलायला का नाही जमलं?

गेल्या महिन्यात शेअर माझ्या डिमॅट खात्यात आले. सूनबाईनं फोनवर दाखवलं. "आई, ठेवायचे की विकायचे?" संध्याकाळचे साडेपाच झाले होते, माझं जेवण व्हायचं होतं, आणि बाजार साडेतीनलाच बंद होतो. म्हटलं, उद्या सव्वानऊला उघडला की विक. दुसऱ्या दिवशी तिनं बोट टेकवलं, दोन मिनिटांत सौदा झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी घेतले ते कळलं नाही. पैसे तिसऱ्या दिवशी बँकेत.

मग मी खतावणी घेऊन बसले. आलेल्या पैशातले अर्धे मुळात माझेच, ते फेडीत धरता येत नाहीत. अडत्याची मुलगी आहे मी. उरलेल्या अर्ध्यावर मुलानं हक्क सोडला, तेवढे जमा धरले. मापशाच्या सोनाराला फोन करून त्या दिवशीचा भाव विचारला आणि भागाकार केला. सव्वा तोळा भरला. बत्तिसावी ओळ माझ्या अक्षरात लिहिली: जमा तोळे १।, बाकी तोळे २।।।. खाली सही केली, मराठीत.